फ्यूजच्या डब्याचं झाकण

गाडीत जळका वास येतोय, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या मुलीनं काच खाली केली आणि म्हणाली, "आई, बाहेर कचरा जाळतायत." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाली, "आई, तू ना, प्लीज." तिसऱ्यांदा मी काही बोललेच नाही. घरी आले आणि त्या वासाच्या विचारात दोन पोळ्या करपवल्या. मग काय, दोघांनाही बरं सापडलं. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून हसले. मुलगी म्हणाली, "हाच वास ना?"

हसा लेको. माझ्या जिवाची घालमेल तुम्हाला काय कळणार?

गाडी सासऱ्यांची. चौकोनी, पांढरी, आता रस्त्यावर शोधून सापडत नाही अशी. तारनाक्याला आमच्या घराखाली ती इतकी वर्षं उभी आहे की पत्ता सांगताना लोक "पांढऱ्या जुन्या गाडीसमोर" असंच सांगतात. सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी उदगीरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबाद गाठलं, त्यामुळे बाबांचं मराठी अर्धं तिकडचं, अर्धं इथलं. मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा "काय करायलीस?" असं कुणी विचारलं की मला आधी हसू यायचं आणि मग उत्तर सुचायचं. आता माझ्या तोंडातही "हो"च्या जागी "हौ" बसलंय, माहेरचे चिडवतात.

तर, प्रश्न असा होता की माझ्या मुलीला नुकतं लायसन्स मिळालं होतं आणि बाबांनी तिला शब्द दिला होता, दसऱ्यापासून गाडी तुझी. कॉलेजला घेऊन जायची, संध्याकाळी घेऊन यायची. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अंधार पडला की समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपायचे, म्हणून गाडी बरीचशी नुसतीच उभी. मुलगी तर हवेत. तिनं मागच्या काचेवर लावायला स्टिकरसुद्धा आणून ठेवला होता. आणि मला त्या गाडीत काहीतरी जळत असल्याचा वास येत होता. नवरा कामासाठी महिन्यातला निम्मा काळ बाहेरगावी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा बघतील ना, त्यांच्याइतकी ती गाडी कुणाला माहितेय?"

तीच तर पंचाईत होती. बाबांना वासच येत नाही. मागे एकदा मोठ्या तापातून उठले ते नाक गमावूनच. फोडणी जळली तरी पेपर वाचत बसतात. पण बाकी त्या गाडीचं सगळं ते जाणत होते, हे खरं. मी नवी नवरी असताना त्यांनीच मला पहिल्यांदा फ्यूज दाखवला होता. शेंगदाण्याहून जरा लांब, पांढरा चिनी मातीचा तुकडा, त्याच्या पाठीवरून पत्र्याची नाजूक पट्टी. दोन्हीकडून पितळेचे चिमटे त्याला धरून ठेवतात. बाबा म्हणाले होते, "हे बघ, वायरीत भार जास्त झाला की ही पट्टी आधी वितळती. वायर वाचती, गाडी वाचती. फ्यूज जळू द्यायचा असतो. त्याच्याजागी जाड तार घालणारा माणूस म्हणजे शुद्ध गाढव." सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आपल्या सूनबाईसारखं की. सगळ्यांच्या आधी हीच तडकती." मी तडकलेच, अर्थात.

तर अशा माणसाला मी म्हटलं, "बाबा, गाडीत जळका वास येतोय, फ्यूजचा डबा एकदा बघा ना." त्यावर ते म्हणाले, "कुठं यायलाय वास? तुझं नाकच तिखट." आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. सकाळी एकदा घातलेलं होतं.

मी ऐकणारी नाही. शनिवारी त्यांना बळंच गाडीत घातलं आणि गौलीगुड्याला गेले. तिथे बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जुन्या गाड्यांची वायरिंग करणारा एक माणूस बसतो. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीला हात लावला, हॉर्न वाजवून बघितला आणि म्हणाला, "कुच बी नै अम्मा, गाडी एकदम मस्त है." मी म्हटलं, आतला फ्यूजबॉक्स बघा. तो आत वाकायला लागला तर बाबा सीटवरून हलेचनात. फ्यूजचा डबा डॅशबोर्डच्या खाली, दोन्ही सीटच्या मधोमध, आणि बाबांचे गुडघे बरोबर त्याच्यासमोर. "वो मैं देख लिया, वो नक्को खोलो," असं म्हणाले, आणि त्या माणसाला तेवढंच हवं होतं. त्यानं हात पुसले आणि चहा मागवला.

परत येताना वास नाही. दुपार होती. मी नाक वर करून हुंगत बसले होते. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, झालं समाधान?" आणि खरं सांगते, समाधान होण्याऐवजी माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कारण मला कळून चुकलं होतं की हा वास दिवसा येत नाही. हेडलाइट लागले आणि ते जरा वेळ चालू राहिले की येतो. आणि दुसरं हे की बाबा काहीतरी लपवतायत. एरवी कुणी नुसतं गाडीकडे बघितलं तरी बॉनेट उघडून दाखवणारा माणूस. तो झाकणासमोर गुडघे लावून बसतो?

त्यानंतरचे दिवस मी स्वस्थ बसले नाही. माझं ऑफिस घरूनच, मीटिंगमध्ये लोक बोलायचे आणि मी बाल्कनीतून खाली गाडीकडे बघायची. शेजारी बतुकम्मासाठी, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणासाठी, फुलं निवडणं चाललेलं, दसरा तोंडावर आलेला. मुलगी रोज विचारायची, "आबा, नक्की ना?" आणि बाबा म्हणायचे, "नक्की बेटा, माझा शब्द आहे." माझा जीव टांगणीला. त्या दोघांचं बोलणं ऐकलं की मला वाटायचं, भांडी आपटावीत. एकदोनदा आपटलीही.

शेवटी एका सकाळी बाबा युनिव्हर्सिटीत फिरायला गेले आणि मी किल्ली घेऊन खाली उतरले. हेडलाइट लावले, वायपर लावले आणि वाट बघत बसले. जरा वेळानं आलाच वास, गोडसर, प्लास्टिक तापल्याचा. बोट झाकणाला लावलं तर चटका. सगळं बंद केलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला, झाकण काढलं.

आत फ्यूज दिसतच नव्हते. सगळ्यावर लालपिवळा थर होता. वाळलेला, भेगा पडलेला, कुठे कुठे हिरवट झालेला. एक तांदळाचा दाणा चिकटलेला. हळदकुंकू होतं ते! आणि त्या थराच्या मधून दोन फ्यूजना गुंडाळलेली तांब्याची तार चमकत होती. तिथलं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं.

हळदकुंकू बघून मला आश्चर्य वाटलं नाही, ते माझ्या माहितीतलं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पूजतात. शेती सुटली, नांगर-विळे गावी राहिले, तरी सासूबाईंनी शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री, माझा लॅपटॉपसुद्धा पाटावर मांडून पूजलाय. गाडी नवी आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं म्हणे, हिचा जीव कुठाय? बैलाच्या कपाळाला कुंकू लावतात, कातडीला कुठेही नाही. बॉनेट म्हणजे नुसती कातडी. तेव्हा बाबांनी थट्टेत फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं, की हा बघ जीव, सगळी वीज इथून जाते. झालं, दरवर्षी बाबा बॅटरीची तार काढून ठेवायचे, झाकण उघडायचे, आणि सासूबाई एकेका फ्यूजला ओलं हळदकुंकू लावायच्या. वर फुलानं पाणी शिंपडायच्या. विजेच्या डब्यात पाणी! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळले होते. बाबांनी डोळ्यांनी मला गप्प केलं होतं. नंतर हळूच म्हणाले, "दसरा झाला की मी काढतो की सगळं." आणि काढायचेही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाई मंदिरात गेल्या की बाबा काचपेपर घेऊन चिमटे न् चिमटे घासायचे, पुसायचे, कोरडे करायचे. इतक्या वर्षांत सासूबाईंना पत्ता नव्हता, निदान त्या तसं दाखवायच्या नाहीत.

म्हणजे हळदकुंकू कुठून आलं ते समजत होतं. ते अजून तसंच का आणि ही तार कशाला, ते समजत नव्हतं.

बाबा फिरून आले तेव्हा मी झाकण हातात घेऊन गाडीतच बसले होते. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उघडलीस कायकू तू?"

"ही तार कुणी घातली बाबा?"

"मी."

"तुम्ही? तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, जाड तार घालणारा माणूस गाढव असतो म्हणून?"

"हौ. आहे मी गाढव. दे ते झाकण इकडं."

मी दिलं नाही. ते दाराला धरून उभे राहिले. मग बोलले, गाडीकडे बघत, माझ्याकडे नाही. "हे तिनं लावलेलं शेवटचं आहे. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मंदिरात जायला आवरत होती, मी काचपेपर घेऊन खाली आलो तर वरून तुझी हाक आली, आईला चक्कर आली म्हणून. ती दवाखान्यात गेली ती गेलीच. मग मी ते घासलं नाही. घासवलंच नाही. पुढं चिमटे गंजले, फ्यूज उडायला लागले. दर वेळी नवा घालायचा म्हणजे जुना ओढून काढायचा. ओढला की कुंकवाचा एक टवका पडतो. झाकण उघडलं की ती थोडी थोडी कमी होत जाती. म्हणून तार घातली. तार उडत नाही. उघडायचं कामच नाही."

हे सगळं ऐकूनही मी भडकलेच, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "बाबा, आई गेल्या. माझी मुलगी आहे. ती या गाडीत बसणार आहे. तुम्ही ते टवके जपण्यासाठी तिला आगीवर बसवणार?"

हे मी बोलले. मला अजूनही वाटतं की बरोबर बोलले.

बाबा म्हणाले, "एवढं काय होत नाही. इतके महिने काय झालं का?" आणि माझ्या हातातून झाकण घेऊन, वाकून, त्यांनी ते परत बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी वर आले आणि मुलीला सांगून टाकलं, गाडीला हात लावायचा नाही. ती रडली, ओरडली, "तुला आबांवर ट्रस्टच नाही" असं म्हणाली. जेवताना बाबांनी ताटातलं वरण नुसतं कालवलं.

संध्याकाळी माझा कॉल होता. तो संपवून बाहेर आले तर घरात सामसूम. मुलीच्या चपला नाहीत, बाबांच्या नाहीत, खुंटीवर किल्ली नाही. बाल्कनीतून बघितलं, गाडीची जागा रिकामी.

मुलीला फोन लावला, उचलेना. बाबांना लावला तर त्यांचा फोन टेबलावरच वाजला. बाहेर उजेड चालला होता, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. म्हणजे आमच्याही गाडीचे लागले असणार. मी जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. कुठे जाऊ? तारनाक्याच्या सिग्नलला की युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला? तोंडानं मी बाबांना काय काय बोलत होते ते लिहीत नाही. वॉचमननं विचारलं, "क्या हुआ मॅडम?" तर त्यालाही फुकटचं खेकसले. नवऱ्याला फोन लावला आणि त्यानं "हॅलो" म्हणायच्या आत ठेवून दिला, कारण सांगणार काय होते?

आणि मग आली गाडी. मुलगी चालवत होती, तोंडावर विजयाचं हसू. दिवे लागलेले. मी धावत जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. वास इतका होता की यावेळी तिलाही आला. "ओह," एवढंच म्हणाली.

बाबा उतरेनात. मी दुसऱ्या बाजूला गेले. ते सीटवर पुढे वाकून बसले होते, उजवा हात डॅशबोर्डच्या खाली, तळवा डब्याच्या झाकणावर. मुलगी म्हणाली, "आबा पूर्ण वेळ असेच बसले होते. मी म्हटलं आबा, पाठ दुखेल. तर म्हणाले, तू समोर बघ."

त्यांना वास येत नव्हता ना. म्हणून ते हातानं बघत होते. नातीला शब्द दिला होता आणि सुनेनं सकाळी ते बोलणं ऐकवलं होतं, तेव्हा खरं-खोटं त्यांनी स्वतःच्या हातावर करून घेतलं. चटका बसला तरी हात काढला नाही, कारण काढला असता तर आतलं कळलं नसतं. आणि "थांब" म्हणाले असते तर पोर भर रस्त्यात घाबरली असती.

मी दिवे बंद केले आणि त्यांचा हात ओढून घेतला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी फोड आले होते. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. मी तो हात नळाखाली धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. खाली गाडीचं दार उघडं, बॅटरीची तार काढलेली, सीटवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर नवे फ्यूज आणि काचपेपर. उजव्या हाताला मी बांधलेली पट्टी. म्हणाले, "मला धरता येईना. तू घास."

आता गंमत बघा. इतके दिवस आकाशपाताळ एक करणारी मी, काचपेपर हातात आल्यावर माझाच हात पुढे जाईना. मी म्हटलं, "बाबा, असं करू. हा अख्खा डबाच बदलू. आबिड्सच्या बाजारात शोधू, मिळेल कुठेतरी. हा काढून घरात ठेवा. कुणी हात लावणार नाही."

"नको," ते म्हणाले. "घरात ठेवला तर मी रोज झाकण उघडून बघत बसणार. घास तू."

मी घासायला लागले. तांब्याची तार आधी काढली. जुना फ्यूज ओढला की लाल टवका खाली पडायचा, चिमटा घासला की पिवळी-हिरवी पूड पडायची, आणि खालचं पितळ दिसायला लागायचं. बाबा मागे उभे होते. मुलगी घासलेल्या चिमट्यात नवा फ्यूज बसवत होती. एकामागून एक झाले. शेवटचा राहिला. त्याच्यावरचा थर अजून अखंड होता, आणि त्यात सासूबाईंच्या बोटाचा ठसा स्पष्ट दिसत होता, टेकवून किंचित वर ओढलेला. त्या आमच्या कपाळालाही असंच लावायच्या.

मला ते होईना. डोळे भरून आले, समोरचं दिसेना. मी म्हटलं, "बाबा, हा एक राहू दे. एकानं काय होतंय?"

मी म्हटलं. मीच.

बाबा वाकले आणि त्यांनी नीट निरखून बघितलं. मग म्हणाले, "हा उजव्या हेडलाइटचा आहे माय. पोरगी संध्याकाळी अंधारात परत येणार."

माझ्या हातातून त्यांनी काचपेपर घेतला, डाव्या हातानं तो फ्यूज स्वतः ओढून काढला, चिमटे लखलखीत होईपर्यंत घासले, आणि तोंड जवळ नेऊन फुंकर मारली.